चाक घासू नये म्हणून

ताई पहिल्या बाळंतपणासाठी धानोऱ्याला आली तेव्हा आमच्या मोटारीची मागची चाकं निकामी झाली होती. बाबांचा लाकडाचा लहानसा ठेका होता. जंगलातल्या दगडांवरून जाऊन जाऊन चाकांच्या लोखंडी डिस्कना तडे गेले होते. मोटार जुनी, विलायती. तिची चाकं नागपूरलाही मिळेनात. आणि ताईच्या पोटात बाळ आडवं होतं. सुईणीने हात लावून पाहिलं आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. बैलगाडीच्या हिसक्यांत तिला नेण्याची कुणाची छाती होत नव्हती.

लष्कराच्या लिलावातल्या मालातून बाबांनी कुठून तरी दोन चाकं मिळवली. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच बाहेर पडले होते. घरात माझा उपयोग तेवढाच, म्हणून टायरवरचा आकडा वाचायला मला अंगणात बोलावलं. जुन्यावर जो आकडा, तोच नव्यावर. बोल्टांची भोकंही जुळली. मिस्त्रीने चाकं चढवली, मोटार मागेपुढे फिरवून पाहिली. कुठेच लागलं नाही.

"झालं," बाबा म्हणाले.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, "आपली मोटार रिकामी कधी जाते जी? माणसं बसवून पाहा."

तिचं खरं होतं. आमची मोटार निघाली की वाटेत उभं असलेलं कुणीही दार उघडून आत बसायचं. कुणाला कचेरीत काम असे, कुणाला नुसतं नागभीडची गाडी गाठायला पुढपर्यंत जायचं असे. नाही म्हणायची पद्धत नव्हती. तेव्हा भर उन्हात आई, आत्या, शेजारची काकू आणि मी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. शेजारचे लोक कुंपणापाशी येऊन बघत राहिले. मी मान खाली घातली.

मिस्त्रीने मडगार्डच्या आतल्या काठाला पानाचा चुना फासला. बाबांनी मोटार अंगणातल्या उंचवट्यावरून नेली आणि खालून खर्रकन आवाज आला. उतरून पाहिलं तर टायरवर पांढरा पट्टा उमटला होता.

"आकडा तर तोच हाये ना?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

"आकडा टायरचा, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "ह्या डिस्कले खोली कमी हाये. चाक बाहेर येऊन राह्यलं. मलेबी आत्ताच दिसलं."

हातोड्याने त्याने मडगार्डचा काठ वर वळवला. आम्ही पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो, एकेक कमी करत गेलो. शेवटी ठरलं की मागे दोघी बसल्या तर चाक लागत नाही. पुढे बाबांशेजारी मिस्त्री. वाटेत काही झालं तर तो हवाच होता. म्हणजे ताईबरोबर एकच जण.

आई लुगडी बांधायला उठली. ओसरीत खाटेवर पडलेली ताई तेव्हा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आई नको. हिले येऊ दे."

"काऊन?"

"तू बसली का चाक घासते."

आत्या मोठ्याने हसली. "ऐका वहिनी! आता एक भाकर कमी खा."

सगळे हसले. आईही हसली, पण गाठोडं तिने अर्धवटच ठेवून दिलं. ताई आल्यापासून आई तिला अशी बस, तशी झोपू नको, असं सांगत होती, आणि मधेच बाळंतपणात गेलेल्या बायांच्या गोष्टी. चाकाचं निमित्त आहे हे मला कळलं. आईलाही कळलं असावं.

सकाळी उन्हं चढायच्या आत निघालो. ताईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला माझे कान मागच्या चाकाकडे जात. आवाज नव्हता.

"बोलू नको हं," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणून तर तुले आणलं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ फिरवून पाहू, वेळ लागेल, म्हणाल्या. बाबा व्हरांड्यात आडवे झाले. ताई भिंतीकडे तोंड करून पडली. मी स्टुलावर गप्प बसले होते. गप्प बसणं मला जमत होतं. बऱ्याच वेळाने तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"आईले आण."

मी बाबांना उठवलं. ते किल्ली घेऊन निघाले.

ऊन उतरताना मोटार परत आली. मागच्या सीटवर आई एकटीच होती. निघताना मोटारीच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायांना तिने नाही म्हटलं होतं, आत्यालासुद्धा. आत्या रुसून घरात गेली, असं बाबा म्हणाले. आई आत आली. मी स्टूल सोडलं. तिने काहीच सांगितलं नाही, काही विचारलं नाही; ताईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हात तिथेच ठेवला.

बाळ फिरलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिचं पहिलं रडणं मी ऐकलं नाही. मी मोटारीच्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपले होते.