गिअरबॉक्सवरचा हात

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. चिखल्याच्या खाणीवर मजूर नेणाऱ्या माझ्या पिकअपला मला जास्त ताकदीचं डिझेल इंजिन बसवायचं होतं. तुमसरच्या मिस्त्रीनं आधी गिअरबॉक्सच खोलला.

"हे काहून?" मी विचारलं.

"जोर वाढवाले सारेच येतेत जी. तो झेलणाऱ्याले कोणी पुसत नाही."

गिअरचा एकेक दात त्यानं अंगठ्यानं चाचपला, झिजलेले गिअर बदलले, क्लच प्लेट मोठी घातली. इंजिन बसल्यावर मुरमाची पोती भरून तो माझ्याशेजारी बसला. चढावर त्यानं डोळे मिटून गिअरबॉक्सवरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. त्या हाताला काय कळत होतं, याचं मला अजून कुतूहल आहे.

वर पोचल्यावर त्यानं डोळे उघडले.

"आता मानसं बसवा," तो म्हणाला.