तांडेल लाईफ जॅकेट का घालत नाहीत

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी भाची माणसं धोका कसा जोखतात याचा अभ्यास करते. आज तिच्या मदतीला मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले होते. तिचा प्रश्न खेळासारखा असतो. एक नारळ नक्की घ्या, नाहीतर चिठ्ठी उचला. मग तीन मिळतील किंवा एकही नाही.

एका बोटीच्या तांडेलांनी, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, प्रत्येक वेळी नक्की मिळणारा एकच नारळ घेतला. भाचीने लिहिलं, 'सावध स्वभाव'.

त्यांची बायको शेजारीच जाळं सांधत बसली होती. ती फिस्सकन हसली. "सावध? लाईफ जॅकेट उशाला घेऊन झोपतात बोटीवर!"

"दादा, घालत का नाही?" मी विचारलं.

"मी घातलं तर खलाशी घाबरतात गो ताई. तांडेलानं जॅकेट चढवलं म्हणजे आता काय खरं नाही, असं वाटतं त्यांना."

बायकोचे हात थांबले. "आणि मला इतकी वर्षं सांगताय, उकडतं म्हणून?"

ते ऐकून मला माझंच खोटं आठवलं.

डॉक्टरांनी सांगितलेली एक तपासणी मी दोन महिने टाळतेय. घरी म्हणते, वेळ मिळत नाही. खरं म्हणजे, मी घाबरलेली दिसले तर सगळं घर घाबरेल, याचीच मला भीती वाटते.

नवरा सातला घरी येईल. आज त्याला खरं सांगायचंय. घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. पहिलं वाक्य काय बोलू, सुचवाल का?