कांदा हा शब्द सोडला तेव्हा

माझी आई कळवणजवळ एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायची. सकाळी आठला पोत्यावर बसली की दिवस मावळतानाच उठायची. घरी आली की आधी दारात पदर झटकायची, कांद्याचे पापुद्रे उडायचे आणि मग तिचा खोकला सुरू व्हायचा. वडील मी पाचवीत असताना गेले. तेव्हापासून आमचं घर त्या खोकल्यावरच चाललं म्हणा ना. “धूळ हाय, दुसरं काय नाय,” म्हणत ती गुळाचा खडा तोंडात टाकायची. खळ्यावरच्या सगळ्याच बायका तशा खोकायच्या, त्यामुळे हा आजार आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आई मला सप्तशृंगीच्या गडावर घेऊन गेली. चढताना चार वेळा पायरीवर बसली. देवीसमोर मात्र दमच न घेता तिनं गाऱ्हाणं घातलं: तिचं नाव, माझं नाव, गाव, खळं, माझे बारावीचे मार्क, वसतिगृहाची खोली. मागची रांग कुरकुरायला लागली. मी तिचा पदर ओढला, तर बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, “देवीला अर्धवट सांगू नये. येवढ्या लोकांत तिला कसं कळायचं, कोणत्या सखूची पोरगी ते?”

चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्प असतो. मी विषय मागितला, कांदा निवडणाऱ्या बायकांचा खोकला. वर्गात हशा झाला. “कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं, झालं तुझं संशोधन,” असं एक मैत्रीण म्हणाली. मार्गदर्शक मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी अट घातली. आधी कुणी यावर काय लिहिलंय ते दाखव, शनिवारी पाचपर्यंत दहा लेख आण, नाहीतर मधुमेहाची तयार प्रश्नावली घे. मधुमेह वाईट विषय नव्हता. पण त्यात माझी आई नव्हती.

ग्रंथालयातल्या संगणकावर नर्सिंग आणि आरोग्यविषयक लेखांचा मोठा ऑनलाइन साठा उघडायचा. मी तीन दिवस तिथे बसले. चौकटीत अख्खं इंग्रजी वाक्य लिहायचे: अमुक जिल्ह्यात, अमुक तालुक्यात, व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं खोकला का होतो. उत्तर यायचं शून्य. मला वाटायचं, माहिती कमी पडली. मग मी त्यात आणखी भर घालायचे. पुन्हा शून्य. ग्रंथपालांना विचारायला हवं होतं, पण गावात हुशार म्हणून नाव असलेली मी, मला साधं शोधता येत नाही हे सांगायची लाज वाटली. शनिवारी तीन वाजता मी हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि मनात गडावरच्या देवीला म्हटलं, आई, माझं संपलं, आता तूच बघ. खरं सांगायचं तर विश्वासानं नाही, थकून म्हटलं.

“काय गं, हे शोधतेयस की गाऱ्हाणं घालतेयस?”

मी दचकून बघितलं. शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या अंबाड्याच्या एक बाई बसल्या होत्या. निवृत्त वॉर्ड सिस्टर, जुनी पुस्तकं कॉलेजला द्यायला आलेल्या. देवळाली कॅम्पची बस चुकली म्हणून पंख्याखाली टेकल्या होत्या. माझ्या पडद्यावरचं ते लांबलचक वाक्य त्यांनी वाचलं होतं.

“दोन शब्दांत सांग त्याला,” त्या म्हणाल्या. मी लिहिलं, कांदा आणि खोकला. आले ते कांद्याच्या रसानं खोकला बरा करण्याबद्दलचे लेख! सिस्टर खळखळून हसल्या. “आता कांदा सोड.”

“कांदा कसा सोडू, सिस्टर? माझी आई तिथं...”

“आईला कोण सोड म्हणतंय? शब्द सोड. आईच्या छातीत काय जातं?”

“धूळ.”

“कशाची?”

“सालीची. शेतमालाची.”

“आणि ती तिथं बसते कशाला? कामासाठीच ना? मग कामातून होणारा त्रास, शेतमालाची धूळ, श्वास. इथं प्रत्येक गोष्टीला ठरलेलं नाव असतं. तुझं नाव बाजूला ठेव, त्यांचं घे.” त्यांनी विषयांची यादी उघडून दाखवली, शब्द कसे जोडायचे तेही दाखवलं.

पडदा भरला. धान्याच्या गोदामातल्या, मसाल्याच्या गिरणीतल्या, कापूस पिंजणाऱ्या बायका. कुठल्या कुठल्या देशांत माझ्या आईसारख्या बायका बसून खोकत होत्या, आणि कुणीतरी ते मनावर घेऊन लिहून ठेवलं होतं. मला रडू आलं. “रड नंतर, आधी छापून घे,” म्हणत सिस्टर पिशवी उचलून बससाठी निघाल्या. त्यांचं नाव विचारायचंही राहिलं. पाचला दहा मिनिटं असताना मी मॅडमच्या टेबलावर चौदा लेख ठेवले. त्यांनी एकेक चाळला आणि म्हणाल्या, “विषय तुझाच.”

सिस्टरच्या रूपानं देवी आली असं मी म्हणणार नाही. बस चुकली होती, एवढंच मला ठाऊक आहे. पण मी हात मांडीवर ठेवले नसते, तर शेजारून आलेला आवाज मला ऐकूही आला नसता. मागणं सगळं सांगावं, मात्र उत्तर माझ्याच शब्दांत यावं हा हट्ट धरू नये, एवढं मी त्या दुपारी शिकले. आईला फोनवर सांगितलं तर ती जराही चकित झाली नाही. “मंग? गडावर समदं सांगितलं होतं ना? पत्ता बराबर सापडला तिला.”

आता खळ्यावरच्या बायका नाकाला फडकं बांधून बसतात. आईच बांधायला लावते, आणि न बांधणारीला माझ्या नावानं दटावते. माझा प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, त्याच्या पहिल्या पानावर आईचं नाव आहे. मी कळवण भागातल्या दवाखान्यात नर्स आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी.