आमचा मुलगा एचएसआरला असतो

नेपाळ-भूतानला जायचं माझ्या मनातच नव्हतं. नणंदेनं हट्ट धरला. "वहिनी, घरात बसून बसून दोघं वेडी व्हाल. चार माणसांत जा, स्वल्प वारं लागू दे." तिचंही खरं होतं. आमचा एकुलता एक मुलगा जाऊन वर्ष उलटलं होतं. सकाळी ऑफिसला जाताना रिंग रोडवर बाइक घसरली आणि मागून टेम्पो आला. त्यापुढचं मला अजून लिहिता येत नाही. तेव्हापासून बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या घरात आम्ही दोघं एकमेकांना जेवायला वाढत होतो, बस्स. आणि आमचे हे, तोंडानं म्हणून एकदाही 'तो गेला' असं म्हणाले नव्हते. शेजारची अक्का भेटायला आली की हे उठून झाडांना पाणी घालायला जायचे. मी भडाभडा रडणारी, भांडणारी बाई. मला वाटायचं, या माणसानं एकदा म्हणावं, म्हणजे त्यांच्या गळ्यात पडून रडता येईल. एकटीनं किती रडायचं?

सहल मराठी लोकांची होती. बरोबर आचारी सुद्धा. हिमालय बघायला जायचं आणि तिथे पिठलं-भात मागायचा, हे आपल्याच लोकांना जमतं! आमच्या मागच्या सीटवर पुण्याच्या एक बाई होत्या, एकट्याच आलेल्या. काठमांडूच्या विमानतळावरून बस सुटायच्या आत त्यांनी माझी नथ कुठली, आमचं मूळ गाव कुठलं, सगळं विचारून घेतलं. "तुमचं मराठी काय गोड हो, कानडी हेल आहे," म्हणाल्या. आमच्या घराण्याला बेंगळुरूत शेकडो वर्षं झाली, आम्ही मराठी टिकवलं, आणि ही बाई मला हेल सांगतेय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत अगदी सरळ आवाजात म्हणाले, "एक मुलगा. बेंगळुरूतच एचएसआरला असतो. आयटीत आहे, वेळ कुठे त्याला."

हा माणूस आयुष्यभर पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात केसाहून बारीक मापं तपासत आलेला. कधी रजेच्या अर्जावर सुद्धा खोटं कारण लिहिलं नाही. हॉटेलच्या खोलीत गेल्या गेल्या मी यांच्यावर तुटून पडले. "काय बोललात तुम्ही? जिभेला काही हाड?" हे बूट काढत बसले होते. म्हणाले, "त्यांना काय करायचंय? चार दिवसांची ओळख." आणि मग हळूच, "बरं वाटलं गं म्हणताना."

मी यांचे बूट उचलून दाराशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी पशुपतिनाथाला नेलं. खाली बागमतीच्या काठावर चिता जळत होत्या. गाइड घाटाचा इतिहास सांगत होता, लोक मान डोलवत होते. हे पाठ फिरवून उभे राहिले आणि "इथे चहा कुठे मिळेल?" म्हणाले. पुण्याच्या बाई आमच्याबरोबर आल्या. त्यांची लेकही बेंगळुरूतच, एचएसआरलाच नोकरीला. "म्हणजे तुमच्या चिरंजीवांच्या शेजारीच की! अजून लग्न नाही ना त्यांचं?" आता हे गप्प बसतील असं मला वाटलं. यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. बाई फोटो मोठा करून करून बघत राहिल्या. "देखणा आहे हो."

आणि खरं सांगते, मलाही भरून आलं. किती दिवसांनी माझ्या मुलाला कोणीतरी देखणा म्हटलं होतं. बेंगळुरूत जो तो 'बिचारा' म्हणायचा. मी बोलून गेले, "खाण्याचे फार नखरे. कोथिंबीर वेचून काढतो." काढतो! काढायचा नव्हे, काढतो. मग भक्तपूर झालं, विमानानं पारो झालं, आणि आम्ही दोघं चढाओढीनं त्याच्याबद्दल बोलत होतो. गिटार घेऊन दिलं ते वाजवत नाही. मला फोन करत नाही, पण बाबांना दोनदा करतो. हे हसत होते. रात्री यांना झोपही लागायची. देवळं, मठ, राजवाडे मला काही आठवत नाहीत. त्या बसमध्ये आमचा मुलगा जिवंत होता, एवढंच आठवतं.

पारोहून पुनाखाला जाताना एका खिंडीत बस थांबली. डोंगराच्या उतारावर उंच काठ्यांना लावलेली पांढरी निशाणं, रांगाच्या रांगा, वाऱ्यावर नुसती फडफडत होती. आपली मंडळी धावली फोटो काढायला. कोणी हात पसरले, कोणी गॉगल लावले. भूतानी गाइड बिचारा सभ्य माणूस, त्यानं सगळ्यांचे फोटो संपू दिले आणि मग हिंदीत सांगितलं, की रंगीत निशाणं कशासाठीही लावतात, पण ही पांढरी, मेलेल्या माणसांसाठी. घरचे लोक एकशे आठ काठ्या उभ्या करतात. पुढे त्या कोणी काढत नाही. वाऱ्यानं फाटून जातात. सगळ्यांचे चेहरे पडले. लोक गुपचूप मोबाइल खिशात घालू लागले.

मी गाइडला विचारलं, "आम्हाला एक लावता येईल?"

"कोणासाठी?" हे म्हणाले. गाइड नाही, हे. एवढ्या मोठ्यानं की पुण्याच्या बाईंनी वळून पाहिलं. यांचे डोळे पाहून माझी हिंमत झाली नाही. "माझ्या सासूबाईंसाठी," म्हटलं, आणि बसमध्ये जाऊन बसले. सासूबाई जाऊन जमाना झालेला.

घरी आलो. मला वाटलं, संपलं. कुठचं संपतंय! महिन्याभरानं यांचा फोन वाजला, पुण्याच्या बाईंचा. "मी लेकीकडे आलेय. रविवारी तिला घेऊन येते, सहज. पत्रिकाबित्रिका आम्ही काही मानत नाही, पण जन्मवेळ काढून ठेवा, बघून ठेवलेली बरी." आणि हे म्हणाले, "या, या."

"काय या या?" मी ओरडले. "अय्यो, कोणाला दाखवणार आहात त्या पोरीला? आत्ताच्या आत्ता फोन करा, नाहीतर मी करते." "मी सांगतो, मी सांगतो," म्हणत राहिले. शनिवार गेला. मीही फोन केला नाही.

रविवारी सकाळी मी पोह्यांना कांदा चिरत होते. हॉलमध्ये स्टूल सरकवल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन बघते तर हे स्टुलावर उभे राहून भिंतीवरच्या त्याच्या फोटोचा चंदनाचा हार काढत होते. हार कपाटात ठेवला आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी परत जाऊन कांदा चिरला.

बाई आल्या, त्यांची मुलगी आली. सावळी, हसरी, साधा कुडता. त्याला अशीच आवडली असती. बाईंची बडबड सुरू, सहलीतल्या गमती, आचाऱ्याची कढी. मग त्यांनी विचारलं, "आणि चिरंजीव?"

"येईल एवढ्यात," हे म्हणाले. "सिल्क बोर्डच्या सिग्नलला ट्रॅफिक असतं ना."

मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा ती मुलगी उठून फोटोसमोर उभी होती. हार काढला होता यांनी. पण फोटोच्या काचेवर, कपाळाच्या जागी, मी रोज पूजेच्या वेळी लावते ते गंध तसंच होतं. आदल्या दिवशीच्या गंधावर दुसऱ्या दिवशीचं, जाड झालेलं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. तिच्या आईचं बोलणं चालूच होतं.

ती येऊन यांच्या शेजारी बसली. अगदी हळू म्हणाली, "काका, कधी?"

बाई बोलता बोलता थांबल्या. यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून झाडांना पाणी घालायला जातील. पण उठले नाहीत. "गेल्या वर्षी," म्हणाले. "गेला तो. बाइकवरून." आणि मग तिचा हात धरून, लहान मुलासारखा चेहरा करून, "तुला आवडला असता गं तो. खरंच आवडला असता."

इतके दिवस मी वाट बघत होते, यांनी हे एकदा तोंडानं म्हणावं. आणि आता मला वाटत होतं, पुढे होऊन यांच्या तोंडावर हात ठेवावा.