पुसलेली डिस्क

छोटा स्क्रूड्रायव्हर हातात आला की विक्रोळीच्या खोलीतली ती उकाड्याची दुपार आठवते. कारखान्यातून निवृत्त झालेले बाबा दोन वर्षं लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर आपल्या गावाविषयी लिहीत होते. तो जलद चालावा म्हणून मी, त्यांना न विचारता, सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि जुनी पुसून टाकली. मग कॉम्प्युटर सुरूच होईना. "गेलं ना रे सगळं?" बाबांनी विचारलं. "नाही बाबा," म्हणालो खरा, पण पुन्हा पुन्हा सुरू करायचं बटण दाबत राहिलो. प्रत्येक डिस्कला स्वतःचा क्रमांक असतो, आणि कॉम्प्युटर अजून पुसलेल्या डिस्कचाच क्रमांक शोधत होता. संध्याकाळी त्या जागी नव्या डिस्कचा क्रमांक घातला आणि लिखाण जसंच्या तसं दिसलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी जाडजूड वही आणली आणि पहिल्या पानापासून हाताने उतरवायला बसले. अजून ते वहीतच लिहितात, आणि मी माफी मागितलेली नाही.