दाजींचं कुत्रं आणि आक्काची हाक

आमच्या दाजींचा जगातल्या कुठल्याही चालू वस्तूवर विश्वास नाही. बंद पडलेल्या वस्तूविषयी त्यांना आदर आहे, कारण ती निदान खोटं बोलत नाही. चालू वस्तू मात्र खरोखर चालू आहे की नुसतीच दिवा लावून बसली आहे, हा संशय त्यांना जन्मभर छळत आला आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. एस्टीत बसले की घाट लागताच उठून ड्रायव्हरशेजारी जातात आणि "डायवरसायेब, गाव कंचं तुमचं?" असं काहीतरी विचारून माणूस जागा असल्याची खात्री करून येतात. मंगलाष्टकं म्हणताना भटजींनी डोळे मिटले, तर दाजींच्या अक्षता वेळेआधीच त्यांच्या अंगावर पडतात. माझ्याशी बोलताना मी जरा गप्प बसलो, की लगेच, "पाव्हणं, ऐकताव का नुसतंच व्हय व्हय म्हणताव?" मी ढोकीच्या शाळेत मराठी शिकवतो. समोरची मुलं ऐकतात की नुसतीच बसतात हे मला निवृत्तीपर्यंत कळणार नाही, आणि मी ते मनाला लावून घेत नाही. दाजी घेतात.

यात त्यांच्या धंद्याचाही दोष आहे. भूमला घरच्या माडीवर बसून दाजी पुण्याच्या एका कंपनीचं काम करतात. ही कंपनी लहान लहान संगणक बनवते. ते रानात, खांबावर, पंपाशेजारी बसवायचे, जिथं अडकून पडले तर बटण दाबायला कुणी जाणार नाही. अशा संगणकाच्या पोटात उलटी मोजणी करणारं एक घड्याळ असतं. त्याला वॉचडॉग म्हणतात. दाजी नुसतं 'कुत्रं' म्हणतात. यंत्राचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामच्या हाती, त्या कर्नलनं थोड्या थोड्या वेळानं कुत्र्याला 'मी आहे' असं कळवायचं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कर्नल कुठं अडकला, कळवायचं राहिलं आणि मोजणी शून्यावर आली, की कुत्रं सगळं यंत्र बंद करून नव्यानं सुरू करतं. कर्नलची आणि कुत्र्याची ही बोलणी लिहिणं हे दाजींचं आयुष्यभराचं काम. एक काम पुरं झालं की ते सोनारीला काळभैरवाला जायचे. देवाचं वाहनच कुत्रं, तेव्हा आपल्या धंद्याला हाच देव लागू, असं त्यांचं म्हणणं. आक्कानं बांधून दिलेल्या भाकरी देवळाबाहेरच्या कुत्र्यांना घालायचे, आणि एखाद्यानं तोंड फिरवलं तर घरी येऊन आठवडाभर कोड तपासत बसायचे.

गंमत अशी, की अडकून पडायची सवय यंत्रांपेक्षा दाजींनाच जास्त. एकदा डोकं खाली गेलं की चहा गार, जेवण गार, दारात आलेला माणूस उभाच. म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी आक्काला कुत्र्याच्या कामावर नेमलं. नेमणूक या शब्दांत कळवल्यावर आक्कानं जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण काम तिनं चोख केलं. जिन्याखालून हाक मारायची, "आवो, हाव का वर?" वरून "हाय, हाय" आलं तर ठीक. नाही आलं, की सरळ मेन स्विच खाली ओढायची. मग दाजी डोळे चोळत जिना उतरायचे आणि आज वार कोणता म्हणून विचारायचे. तिची ती खणखणीत हाक मला अजून ऐकू येते.

एकदा दाजींना वाटलं, हे उत्तर आपल्याऐवजी यंत्रानंच दिलं तर? त्यांनी संगणकाला आक्काची हाक ओळखायला शिकवलं आणि आपल्या आवाजातलं "हाय, हाय" त्यात भरून ठेवलं. बाजाराचा दिवस होता, मीही तिथंच होतो. आक्कानं हाक दिली, वरून "हाय, हाय" आलं, आणि त्याच वेळी दाजी भाजीची पिशवी घेऊन पुढच्या दारातून आत आले. आक्कानं एकदा जिन्याकडं बघितलं, एकदा दाराकडं.

"एक वर हाय, एक खाली हाय," ती म्हणाली. "जेवाय कुणाला वाढू?"

दुसरा कुणी ओशाळला असता. दाजी पिशवी टाकून खूश झाले. कंपनीतल्या नव्या लोकांना ते ज्या चुकीवरून झापत, तीच चूक त्यांच्या घरात, त्यांच्याच हातून झाली होती. "पाव्हणं, लई नामी चूक हाय ही! कुत्र्याला कळवायचं काम लोक घड्याळाच्या ठोक्याला बांधत्यात. मग बाकी समदं यंत्र मरून पडलं तरी ठोका चालूच. कुत्र्याला वाटतं, मालक हाय!" आक्कानं मात्र त्या दिवसापासून हाकच बदलली. "आवो, वास कशाचा येतोय?" आता नुसतं हाय म्हणून भागेना. मेथी, की पिठलं, की भाजलेले शेंगदाणे, हे डोकं वर काढून, नाक वापरून सांगावं लागे. दाजींनी पुढच्याच कामात ती युक्ती उचलली. आता त्यांचं कुत्रं कर्नलला दर वेळी नवा प्रश्न विचारतं आणि उत्तर बरोबर आलं तरच गप्प बसतं. ही कल्पना आमच्या मंडळींची, असं त्यांनी कंपनीच्या मीटिंगमध्ये अभिमानानं सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात आक्का गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नाही, माझ्याकडं यायला दाजी तयार होईनात. मला एकच धास्ती होती, की हा माणूस असाच माडीवर अडकून बसेल आणि त्याला खाली बोलावणारं आता कुणी नाही. म्हणून रोज शाळेला निघताना मी फोन करू लागलो. "हाव का, दाजी?" "हाय, हाय." कंपनीचं कामही वेळेवर चाललं होतं. मी निर्धास्त झालो.

दिवाळीनंतर एका सकाळी असाच फोन ठेवला आणि चालता चालता थांबलो. तेच "हाय, हाय." रोजचाच सूर, दोन्हींच्या मधलं थांबणंही रोजचंच. संगणकात भरून ठेवलं होतं, अगदी तसं. मी परत फोन लावला.

"दाजी, वास कशाचा येतोय?"

पलीकडं दाजींनी दोनदा नाकानं हुंगल्याचं ऐकू आलं. मग दाजी म्हणाले, "कशाचाच न्हाय, पाव्हणं. लई दिवस झाले. कशाचाच न्हाय."

शाळेत रजा कळवून, दोन एस्ट्या बदलून मी भूमला पोचलो. स्वयंपाकघरात आक्काची भांडी जिथल्या तिथं, आणि ओट्यावर बिस्किटांचे रिकामे पुडे. मी वर गेलो नाही. येताना मेथीची जुडी घेतली होती, ती निवडली, चिरली, कढई चढवली. स्वयंपाक हा माझा विषय नव्हे. जिन्याखाली उभं राहून हाक दिली, "दाजी, वास कशाचा येतोय?" उत्तर नाही. मेन स्विचकडं माझा हात जाईना, तो मान आक्काचा. मी पुन्हा हाक दिली. वर खुर्ची सरकली.

"करपल्याचा," दाजी म्हणाले, आणि जिना उतरून आले. "मेथी हाय. सरका तिकडं." त्यांनी माझ्या हातातून उलथणं काढून घेतलं. ती करपलेली भाजी आम्ही दोघांनी संपवली. जेवताना दाजी रडले, मीही रडलो.

आता फोन तेच करतात. "पाव्हणं, डाळीला फोडणी टाकलीय म्या. वास येतोय का?" साखर कारखान्याच्या गळिताच्या दिवसांत ढोकीला मळीशिवाय दुसरा वास येत नाही. "येतोय," मी सांगतो. "लसूण जास्त झालाय." दाजी हसतात. मग आम्ही दोघंही फोन तसाच कानाला धरून ठेवतो. पलीकडं मोहरी तडतडत असते, आणि जिन्याखालून यायची ती हाक काही येत नाही.