सूर्य विझणार म्हणून बुडालेली सातवी

आमचे अण्णा सोलापुरातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे, आणि साऱ्या गावात शास्त्र आपल्या एकट्यालाच कळतं अशी त्यांची खात्री होती. एका वर्षी ऐन वैशाखात वाचनालयाच्या अंगणात त्यांचं व्याख्यान ठरलं. विषय काय, तर सूर्याचा अंत! संध्याकाळ झाली तरी फरशी पायाला चटके देत होती. लोक उपरण्याने वारा घेत बसलेले, आणि आमचे अण्णा काळा कोट घालून सांगताहेत की सूर्य रोज झिजतोय, एक दिवस तो निखाऱ्यासारखा विझेल, समुद्र गोठतील आणि पृथ्वीचा बर्फाचा गोळा होईल.

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, ह्याच उन्हाळ्यात जमतंय का बगा की!"

सगळं अंगण हसलं. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "नाही. त्याला अजून कोट्यवधी वर्षं लागतील." शास्त्र होतं हो त्यांच्यापाशी, विनोद तेवढा नव्हता.

न हसणारा एकच माणूस होता. पुढे बसलेले सुताचे एक व्यापारी. मुलींच्या शाळेला लागून त्यांची मोठी खोली होती, ती ते शाळेला दान देणार होते. शाळेत वर्ग सहावीपर्यंतच. सातवीला बसायला जागा नाही, म्हणून सातवीच नाही. खोली मिळाली की जूनपासून वर्ग सुरू होणार होता. मी नुकतीच सहावी पास झाले होते. सातवी झाली की मास्तरीण होता येत होतं, आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यापारी आमच्या ओसरीवर हजर! हातात दानपत्राचा मसुदा.

"मास्तर, वकिलानं हितं लिवलंय, खोली शाळेकडं आचंद्रार्क राहील. म्हंजे चंद्र-सूर्य हायेत तवर. आन् तुमी तर काल म्हणलाव, सूर्य इझनार. मग माजं दान बी तितंच संपलं की! पुण्य बी संपलं. फुडं काय?"

शहाण्या माणसाने इथे काय केलं असतं? चहा पाजून, हसून, सही घेतली असती. अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शंका रास्त आहे."

झालं! आत आईने कपाळाला हात लावला. खुद्द मास्तरच रास्त म्हणतात म्हटल्यावर व्यापाऱ्यांची झोप उडाली. शाळेच्या कमिटीने 'कायम' लिहू म्हटलं, 'निरंतर' लिहू म्हटलं. त्यांना पटेना. त्यांच्या आजोबांनी देवळाला जमीन दिली ती आचंद्रार्क, मग नातवाने त्याहून उणं का द्यायचं? शेवटी तोड त्यांनीच काढली. मास्तरांनी त्याच अंगणात उभं राहून एवढंच म्हणावं, की सूर्य विझत नाही, माझी बोलण्यात चूक झाली. लगेच सही करतो.

"म्हणून टाका की," आई म्हणाली. "तुमच्या सांगण्यावरून तो विझणार आहे थोडाच! पोरीची सातवी तरी होईल."

"सत्याशी तडजोड नाही," अण्णा म्हणाले.

मी रडले, जेवणावर रुसले. तेव्हा अण्णांनी मला जवळ बसवून मायेने समजावलं. काय समजावलं? सूर्य का झिजतो ते.

खोलीत सुताच्या गाठी जाऊन पडल्या. जून आला, सातवी काही आली नाही. माझ्या बरोबरीच्या मुलींनी पाट्या धाकट्या बहिणींना देऊन टाकल्या. अण्णांचा मात्र गावात भलताच लौकिक झाला. 'माणूस तत्त्वाचा हो!' असं लोक आमच्या दारात येऊन सांगायचे. त्यांच्या बापाचं काय जात होतं? सातवी माझी बुडाली होती. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो सूर्यावर येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात वैरागचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा कचेरीत कारकून, घरी थोडी शेती. अण्णांनी जोश्यांना बोलावून दोन्ही पत्रिका पाटावर मांडल्या. मी चहा घेऊन गेले, तर अण्णा हात जोडून ऐकत बसलेले. जोशी सांगत होते, मुलाला रविबळ याच महिन्यात आहे, पुढे नाही. कार्य लगेच उरका. अण्णा माना डोलावत होते.

माझ्याने राहवलं नाही. "अण्णा, हा रवी म्हणजे तोच ना? विझणारा?"

जोशी बावचळले. अण्णा जराही बावचळले नाहीत.

"अगं, ते व्याख्यानापुरतं," ते म्हणाले, आणि त्यांनी जोश्यांना मुहूर्ताची वेळ विचारली.